आटणे

तिसऱ्या आठवड्यात माझं दूध आटलं.
मिसेस ओल्डरॉइड पिशवीतून वजनकाटा काढत म्हणाल्या,
त्यात कमीपणा काही नाही, पोरी.
आधी पाणी, मग पावडर.
चमचा सुरीच्या पाठीने सपाट कर, शिगोशीग नको.
खिडकीबाहेर हॅलिफॅक्सची उतरती गल्ली,
एकमेकींना टेकलेली काळवंडली घरं.
आमच्या दारावर कोरलंय: १८९२.
भाड्याचं असलं तरी हेरंबला त्या आकड्याचं फार कौतुक.

मार्चमध्ये बातमी आली,
कंपनीने डबे परत मागवलेत.
नाव आमच्याच डब्याचं.
पहाटे तीनला मोबाइलच्या उजेडात
डबा उलटा धरून मी बुडावरचा क्रमांक वाचत होते.
शेवटचा आकडा ओल्या अंगठ्याने फिसकटलेला.
तीन की आठ?
तीन असेल तर निभावलं.
नीरजा भुकेने लालबुंद, माझ्या खांद्यावर तोंड घासत.
त्या रात्री तिला मी तोच डबा पाजला.
घरात दुसरं काही नव्हतं.

सकाळी शेजारची शमीम आणि मी
उतारावरून दुकानात गेलो.
रांगेतल्या सगळ्या बाया डबे पोटाशी धरून,
कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हती.
काउंटरवरच्या पोराने भिंग लावलं.
तीन, म्हणाला. तुमचा बरोबर आहे.
शमीमचे दोन्ही गेले.
मला तिच्यासमोर हसू आलं,
ते दाबायला मी बिस्किटांच्या कपाटाआड गेले
आणि तिथे ते हसू राहिलं नाही.

मिसेस ओल्डरॉइड पुन्हा आल्या तेव्हा
डब्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत.
सिंककडे बघत विचारलं, आणि पाणी?
उकळते, मी म्हटलं. दोनदा.
आई रोज फोनवर विचारते ना,
उकळतेस ना गं नीट?

पाणी कंपनीचा क्रेग
सिंकखाली पाठीवर झोपला.
खिशातलं दोन पेनीचं नाणं काढलं
आणि नळी खरवडली.
करडी साल निघाली, खालून झळाळलं.
चांदी, मला वाटलं.
सासूबाईंनी कापसात गुंडाळून पाठवलेलं बोंडलं
असंच झळाळलं होतं कागद सोडताना.

तो म्हणाला ते इंग्रजीत होतं,
मला ऐकू आलं मराठीत.
शिसं.
शिशू आणि शिसं,
शाळेत शुद्धलेखनात मी हे दोन कधी चुकले नव्हते.

उकळून जंतू मरतात, तो हात पुसत म्हणाला,
हे मरत नाही. वाफ होते ती पाण्याची,
हे भांड्यात राहतं.
जितकं उकळाल तितकं दाट.
मला कोण सांगणार हे.
मी बासुंदी करते.
कढईच्या कडेची साय खरवडत
आटलं की गोड होतं, हे मला आईनेच शिकवलंय.

लिटरला दहा चालतं, कागदावर होतं.
आमचं एकोणतीस.

आता पाच पाच लिटरचे कॅन जिन्याखाली.
घरमालकाच्या एजंटचं उत्तर: चौकशी चालू आहे.
नर्सने नीरजाच्या दंडाला रबर बांधलं
तेव्हा तिने त्या रबराकडेच बघितलं,
सुई टोचेपर्यंत.
रिपोर्ट गुरुवारी.
शमीमच्या घराचीही नळी खरवडायची आहे,
ती म्हणते, पुढच्या आठवड्यात बघू.
नाणं मी तिच्याकडे देऊन आले आहे.

हेरंब हल्ली मागच्या दाराने ये-जा करतो.

आईचा फोन आला आत्ताच.
उकळतेस ना गं?

हो, म्हटलं.